दादाच्या पाटीवरचा उन्हाळा

मार्च लागला की आमच्या इमारतीच्या फाटकाशी सकाळी दहावीची मुलं दिसायला लागतात. पारदर्शक पाकिटात पेनं, खांद्याला पाण्याची बाटली, चेहऱ्यावर झोप अर्धवट झाल्याच्या खुणा. कुणाची आई धावत खाली येते आणि तळहातावर दही ठेवते. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी असते. पुण्यातला वारा तेव्हा अजून गार असतो, पण त्याच्या कडेला उन्हाची धार लागलेली असते. ती धार गालाला लागली की मी दरवर्षी मनानं आमच्या शेलूबाजारच्या फाट्यावर जाऊन उभी राहते.

यंदा तर निमित्त घरीच चालून आलं. विशाखा, माझ्या दादाची मुलगी, इथंच एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. रविवारी जेवायला आली, ताट बाजूला सारलं आणि लॅपटॉप उघडून बसली.

"आज सुट्टी ना गं?" मी विचारलं.

"लायब्ररीचं काम राह्यलं आहे, आत्या." माझ्याशी बोलताना ती घरचीच बोली बोलते. "जुनी पद्धत काढून तिच्या जागी नवी बसवून राह्यलो आमी. पुढं लय ताकदीच्या मशिनी येतीन म्हनते, त्यायच्यासमोर जुनी टिकनार नाई. पन वापरनाऱ्याले काही कळनार बी नाई, पाह्य. बाहेरून नाव तेच, आत फक्त माल नवा."

ती जुनी पद्धत म्हणजे निरोप गुप्त ठेवण्याची, दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी असलेली. माझ्या तरुणपणी ती इतकी नवी होती की नागपुरात तिचं नाव ठाऊक असलेली माणसं बोटांवर मोजता आली असती. आणि मी त्यातली एक होते, याचं अप्रूप मला अजूनही वाटतं.

एकोणऐंशीचा उन्हाळा होता. मी नागपूरला गणितात एम.एस्सी. करत होते. आमच्या सरांनी परदेशी नियतकालिकात एक लेख वाचला होता आणि ते त्यानं झपाटून गेले होते. निरोप गुप्त करण्याची किल्ली चारचौघांत जाहीर करायची, कुणीही यावं आणि तिनं निरोप बंद करून पाठवावा. पण उघडण्याची किल्ली मात्र एकाच माणसापाशी. बंद करण्याची किल्ली हाती असूनही उघडता येत नाही! मला ते आधी चेटूक वाटलं, मग गणित वाटलं, आणि मग गणितच चेटूक वाटायला लागलं.

सरांनी मला काम दिलं ते असं. विभागातल्या संगणकासाठी एक लायब्ररी तयार करायची. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, तयार उपप्रोग्रामांची. तेव्हा प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा. एकेका कामाची एकेक गड्डी, तिला रबर लावलेलं, आणि हव्या त्या गड्ड्या एकामागे एक रचून यंत्राला द्यायच्या. निरोप बंद करणारी गड्डी, उघडणारी गड्डी, त्यांच्या पोटात गुणाकार करणारी गड्डी. सर म्हणाले होते, "आज जी पद्धत मजबूत वाटते, ती उद्या कुणीतरी फोडेल. तेव्हा अशी रचना कर की आतली गड्डी काढून तिथं दुसरी घालता आली पाहिजे, आणि बाहेरच्या प्रोग्रामला पत्ताही लागता कामा नये."

सरांनी दोन पद्धती करायला सांगितल्या होत्या. एक मूळ संख्यांची. दुसरी वजनांची: पुष्कळ वजनांतून काही उचलली, एकूण भार सांगितला, आता ओळखा कोणती उचलली. त्या काळी दोन्ही सारख्याच भरवशाच्या वाटत होत्या.

एप्रिलमध्ये यंत्रावर माझी पाळी आली आणि सगळं फसलं. लहान आकड्यांवर प्रोग्राम बिनचूक चालला. सरांनी मोठे आकडे दिले, तर बंद केलेला निरोप उघडल्यावर भलतंच काही बाहेर आलं. पुन्हा केलं, पुन्हा भलतंच. मागं रांगेत उभी असलेली मुलं घड्याळं बघायला लागली. सर रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "जूनमध्ये पुन्हा पाळी मिळेल. तोवर शोध." जूननंतर ते स्वतः मुंबईला एका संशोधन संस्थेत जाणार होते, आणि काम जमलं तर तिथं माझ्यासाठी शब्द टाकणार होते.

वसतिगृहाची मेस बंद झाली. मी कार्डांचा खोका मांडीवर घेऊन अमरावती, कारंजा करत एसटीनं शेलूबाजारला उतरले. तेव्हा वाशीम नुसता तालुका होता, आमचा जिल्हा अकोला. फाट्यावर उतरले तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की परत जायचं नाही. मंगरूळपीरच्या एका शाळेत गणिताच्या बाईंची जागा रिकामी होती आणि तिथले हेडमास्तर मला घ्यायला तयार होते. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण मी ते ठरवलं होतं हरल्यामुळे, आणि हरून ठरवलेली गोष्ट कितीही शहाणपणाची असली तरी गळ्याखाली उतरत नाही.

गावात जयंतीच्या निळ्या पताका अजून दोरीवर फडफडत होत्या. मायनं माझ्या हातातला खोका पाहिला.

"काय व हे? सगळे कागद भोकाभोकाचे! उंदरायनं कुरतडले काय?"

"नाई माय, माह्या लायब्ररीचं काम आहे."

मायनं ते गावभर सांगितलं: माही गौतमी नागपूरले लायब्ररीत आहे, लोकायले पुस्तकं देते. ती शेवटपर्यंत तेच सांगत राहिली आणि मीही ते कधी खोडलं नाही.

दादा माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. त्याचं नाव किसन, माझं गौतमी. आम्हा भावंडांच्या नावांमधून एक मोठी सीमा जाते. छप्पन साली आमचे बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. दादा त्याआधी जन्मला, मी नंतर. बाबा जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. दादा दहावीत होता तेव्हा बहात्तरचा दुष्काळ पडला. तो शाळा सोडून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला आणि माझी शाळा चालू राहिली. याविषयी आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. पुढं तो गाडी शिकला. एकोणऐंशीत तो शेलूबाजारच्या एका व्यापाऱ्याची जीप चालवायचा: फाट्यावरून मालेगाव, किन्हीराजा, मंगरूळपीर, माणसं भरतील तसं.

मी आले त्याच आठवड्यात मी जीपमध्ये त्याच्या शेजारी बसले होते. निंबाखाली गाडी उभी, माणसं भरायची वाट बघत. रस्त्यापलीकडं नांगरून टाकलेली काळी शेतं उन्हात भेगाळत होती. दादानं समोर बघतच विचारलं, "काय झालं तुले? आल्यापासून तोंड पाडून बसली."

"काही नाई."

"नाई सांगाचं तं नोको सांगू. पन काही नाई म्हनू नोको."

मग मी सांगितलं. कुणालाही सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "थे फसलं ते मले कळलं. पन जे फसलं थे काय होतं, थे नाई कळलं. सांग बरं."

मी म्हटलं, "दोन आकड्यायचा गुणाकार करून तुले सांगते. दोन हजार चारशे एक्क्याण्णव. कोनते दोन आकडे होते थे तू सांग." एवढ्यात जीप भरली. तो मालेगावला गेला. मी फाट्यावरच एका मावशीच्या चहाच्या दुकानात बसून राहिले. परत आला तेव्हा जीप थांबायच्या आधीच ओरडला, "सत्तेचाळीस अन् त्रेपन्न!"

जीपमधले सगळे उतारू हसत होते. वाटभर त्यांनी मिळून भागाकार केले होते. एक पागोटेवाले आजोबा मला म्हणाले, "पोरी, असं काही घालू नोको याच्या डोक्यात. गाडी खड्ड्यातून नेली यानं."

"बनवाले एका झटक्याचं काम, अन् शोधाले मालेगाव येऊन गेलं," दादा म्हणाला. आणि मला कळलं की सगळ्या पद्धतीचा गाभा त्याला समजला आहे. गुणणं सोपं, वेगळं करणं अवघड. आकडे पुरेसे मोठे घेतले तर मालेगाव काय, जन्म पुरत नाही.

त्यानंतर आमच्या दुपारी तशाच जायला लागल्या. अंगणात शेवंतावहिनी मुंगवड्या घालायची. सुपावर, जुन्या लुगड्यावर, खाटेवर, जिथं जागा मिळेल तिथं पिवळे ठिपके. मूगडाळीचा कच्चा ओला वास, माठाखालच्या ओल्या वाळूचा वास, आणि उन्हानं तापलेल्या टिनाचा कडकड आवाज. दादा जेवायला घरी आला की मी त्याला लहान आकड्यांनी निरोप बंद करायला शिकवायची. तेहेतीसचा हिशोब घ्यायचा. त्यानं मनात पाच धरला, पाचाचा घन केला, तेहेतीसनं भागून बाकी काढली आणि मला फक्त म्हणाला, "सव्वीस." मी पाटीवर माझ्या किल्लीनं सव्वीस उलगडले आणि म्हटलं, "पाच."

त्यानं संशयानं वहिनीकडं पाहिलं. "तू सांगतलं काय व तिले?"

"मले तुमी कुठं सांगतलं?" वहिनी म्हणाली.

मग वहिनीनं एक आकडा धरला. मग मायनं. मायचा आकडा तिचा तीच विसरली, आणि मी सांगितल्यावर म्हणाली, "हाव, थोच असन." आम्ही इतके हसलो की वड्यांवर बसायला आलेली चिमणी उडून गेली.

माझी चूक मात्र सापडत नव्हती. मी गणित पुन्हा पुन्हा तपासत होते. ते बरोबरच होतं. ओळ न् ओळ वाचली, कार्डं उन्हात धरून भोकं तपासली. शेवटी मला वाटलं की मी वाचताना जे हवं तेच वाचते आहे. दुसऱ्या कुणीतरी यंत्र व्हायला हवं. असं कुणी, जे सांगितलेलंच करील, त्यापुढचं काही मनानं धरणार नाही.

"मी होतो न यंत्र," दादा म्हणाला. "तसा बी गाडीच्या मालकाचा हुकूम ऐकतोच दिवसभर."

वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. प्रोग्राममधल्या इंग्रजी ओळींचं मी तिला मराठी करून दिलं आणि ती एकेक ओळ वाचायला लागली. दादा पाटीवर करायचा. मी नुसती बघायची, बोलायचं नाही असं ठरलं होतं. वहिनी फार कडक निघाली. दादा पुढची पायरी ओळखून आधीच करायला जाई, तर ती म्हणायची, "आवो, म्या वाचलं काय अजून? जे सांगतलं थेच करा." वड्या उलटवायची वेळ झाली की ती उठून जायची आणि यंत्र हातात पाटी घेऊन बसून राहायचं.

सरांचे मोठे आकडे घेतले त्या दुपारी हवा अगदी बंद होती. वहिनीनं वाचलं, "आता या दोघायचा गुणाकार करा." दादानं गुणाकार मांडला. दोन्ही आकडे हजारांतले. उत्तर लाखांत चाललं होतं. पाटी जुनी, एका कोपऱ्याला फुटलेली, आणि वर आधीचा हिशोब. तो शेवटचे अंक कोपऱ्यात बारीक बारीक करून कोंबत होता, आणि मी बघत होते. तो अंक कोंबतो आहे हे मी पाहिलं, आणि मग आमच्या विभागातलं ते यंत्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्या यंत्राला एका खणात बत्तीस हजारांच्या थोडं पुढं एवढाच आकडा ठेवता यायचा. हे मला वर्गात शिकवलेलं होतं. परीक्षेत त्यावर मी उत्तरही लिहिलं होतं. त्याच्यापुढचा आकडा आला की यंत्र कोंबत बसत नाही, तक्रारही करत नाही; ते गुपचूप भलताच आकडा धरून पुढं चालू लागतं. लहान आकड्यांना हे कधी घडलंच नव्हतं.

चूक मी गणितात शोधत होते आणि गणित स्वच्छ होतं.

"थांब! थांब दादा!" मी ओरडले.

"मी कुठं चुकलो?" तो घाबरून म्हणाला.

"तू नाई चुकला. तू चुकला नाई म्हनूनच सापडलं!"

मी उठून वहिनीला मिठी मारली. तिचे हात डाळीनं माखलेले, ते तिनं वर धरून ठेवले होते. "अवं बाई, लुगडं खराब होईन तुमचं," ती म्हणत राहिली.

सापडलं म्हणजे सुटलं असं नव्हे. गुणाकार तर करायचा, पण गुणाकार एवढा मोठा होऊ द्यायचा नाही. पुढचे दिवस मी त्यातच होते. विहिरीवर, दळणाच्या रांगेत, मायच्या पाठीला तेल लावताना. शेवटी जे सुचलं ते साधं होतं. एकदम गुणायचंच नाही. आकडा दुप्पट करायचा, ज्यानं भागून बाकी काढायची त्याच्यापुढं गेला की लगेच तेवढं वजा करायचं. पुन्हा दुप्पट, पुन्हा वजा. आणि लागेल तिथं बेरीज. कुठल्याही पायरीला आकडा मोठा होतच नाही. मी त्याचं नवं पान लिहिलं. नाव जुन्या गुणाकाराचंच ठेवलं, आकडे घ्यायची आणि उत्तर द्यायची रीतही तीच. फक्त पोटातलं सगळं नवीन.

वहिनी वाचत होती, दादा करत होता. दोघांना घाम फुटला. "हे तं मंगरूळले जाचं अन् कारंज्याहून फिरून जाचं झालं," दादा कुरकुरला. पण उत्तर बरोबर आलं. निरोप बंद झाला आणि उघडल्यावर तोच बाहेर आला. वहिनीनं माझ्या हातातलं जुनं पान घेतलं. "मंग हे पान काढून तिथं हे ठेवलं, एवढंच न? बाकीच्या पानायले काही सांगा लागत नाई?"

"काही नाई सांगा लागत."

माय उंबऱ्यात बसून निंबोळ्यांच्या बिया वेगळ्या करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुह्या बापानं बी तसंच केलं. घर थेच, दार थेच, शेजारी थेच. आतले देव काढले अन् पंचशील ठेवलं. लोक म्हनत, काय बदललं? अवं, आतलं बदललं न."

मला पुढं आयुष्यात पुष्कळ हुशार माणसांनी पुष्कळ गोष्टी समजावल्या. पण बाबांनी त्या वर्षी काय केलं, ते मला त्या दुपारी मायच्या तोंडून कळलं.

जूनमध्ये मी नागपूरला गेले. नवी कार्डं पंच केली. सरांनी स्वतःच्या हातानं गड्ड्या रचल्या, यंत्राला दिल्या. कागदावर निरोप जसाच्या तसा उमटला. सरांनी तो कागद बाजूला ठेवला. त्यांनी मूळ संख्यांची गड्डी उपसून काढली, तिच्या जागी वजनांची घातली आणि पुन्हा यंत्र चालवलं. बाहेरच्या प्रोग्रामला काही पत्ता लागला नाही. निरोप पुन्हा जसाच्या तसा. तेव्हा ते म्हणाले, "गौतमी, मुंबईत पाऊस फार. छत्री चांगली घे."

वजनांची पद्धत थोड्याच वर्षांत फुटली. ती बातमी वाचली तेव्हा मी मुंबईत होते आणि मला हसू आलं होतं. सर खरे ठरले होते. मूळ संख्यांची मात्र माझी सगळी नोकरी पुरून उरली, आणि आता तीही निघते आहे. विशाखानं विचारलं, "वाईट वाटून राह्यलं काय, आत्या?" वाईट कशाला वाटेल? जी गोष्ट बदलता येईल अशी बांधली, ती बदलली गेली तर तो तिचा मान आहे. मला तिच्या पडद्यावरच्या ओळी आता समजत नाहीत. तिचं गणित निराळं आहे, जाळीदार, माझ्या वयाला न झेपणारं. पण ती बोलता बोलता बोटानं दाखवत होती, इथून हे निघेल आणि इथं हे बसेल, आणि तेवढं मात्र मला पुरेपूर समजत होतं.

त्या उन्हाळ्याचं खरं फळ मात्र निराळंच होतं, आणि ते धरलं शेवंतावहिनीनं.

मी नागपूरला निघण्याच्या आदल्या दिवशी ती दादाला म्हणाली, "आवो, तुमी मॅट्रिकले बसा न."

दादा जेवत होता. त्याचा हात थांबला. "डोकं फिरलं काय तुह्यं? पोरायच्या संगं बाकावर बसू? लोक हसतीन."

"हसू द्या. जीपमंदी बी हसतच होते."

"अन् अकरावीची तयारी कोन करीन?"

"दादा, आता अकरावी नाई," मी म्हटलं. "आता दहावीच मॅट्रिक आहे. तू तर दहावीपर्यंत आलेलाच होता. बाहेरून बसता येते."

त्यानं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला. मग हळूच म्हणाला, "मले गणित आवडत होतं, हे मी इसरूनच गेलतो." एवढंच. खडीचं नाव नाही, दुष्काळाचं नाव नाही.

दिवाळीला मी मुंबईहून आले तेव्हा त्याच्या जीपमध्ये शाळाच भरत होती. पुस्तक समोरच्या काचेशी टेकवलेलं. गाडी भरेपर्यंत तो वाचायचा आणि वाटेत उतारू त्याला विचारायचे. किन्हीराजाचा एक मुलगा इतिहासाचे प्रश्न घालायचा. बाजाराला निघालेल्या बाया नद्यांची नावं पाठ करून घ्यायच्या आणि त्यांचीच पाठ व्हायची. इंग्रजी मात्र कुणालाच येत नव्हतं. तिथं सगळी जीप गप्प व्हायची.

त्याच इंग्रजीनं त्याला पाडलं. जूनमध्ये निकाल लागला: गणितात केंद्रावरच्या बहुतेक मुलांच्या वर, आणि इंग्रजीत नापास. मला वाटलं, आता तो सोडून देईल. पण तो म्हणाला, "एकच रायलं न? तेवढंच काढू." ऑक्टोबरच्या परीक्षेत तेही निघालं. पुढं तो एसटीत कंडक्टर म्हणून लागला. मग विशाखा झाली.

पण निकालाचा दिवस मला फारसा आठवत नाही. आठवते ती ऐंशी सालातली मार्चची सकाळ, गणिताच्या पेपराची.

मी मुद्दाम रजा काढून आले होते. केंद्र मंगरूळपीरला होतं. गावातली आणि वाटेवरच्या वस्त्यांतली परीक्षेची सगळी मुलं दादाच्याच जीपमध्ये. पुढं मी आणि माय, मांडीवर डबा घेतलेली वहिनी कडेला. मागं मुली प्रमेयं पुटपुटत होत्या. त्या सगळ्यांना घेऊन तोच गाडी चालवत होता. पांढरा सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस. रस्त्याकडेच्या पळसाला अजून फुलं होती. कुणीतरी मागून विचारलं, "किसनभाऊ, वर्तुळाचं येईन काय हो?" तो म्हणाला, "येईन तं येऊ दे. आपल्याले येते न?"

शाळेपाशी त्यानं जीप लावली. मुलं उतरली. फाटकावर एक शिपाई उभा होता. मुलांना आत सोडत होता, मोठ्यांना अडवत होता. मुलांच्या घोळक्यात दादा पुढं झाला, तेव्हा शिपायानं हात आडवा केला.

"पालकांनी बाहेर थांबायचं."

घोळका थबकला. मी पुढं होणार, तोच वहिनीनं माझा हात धरला. दादानं सदऱ्याच्या खिशातून परीक्षेचं ओळखपत्र काढलं आणि शांतपणे म्हणाला, "मी पालक नाई, साहेब. मी परीक्षेले आलो."

शिपायानं कार्ड पाहिलं, दादाकडं पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. मागची एक मुलगी म्हणाली, "आमच्याच संगं आहे ते." शिपायानं हात बाजूला घेतला. दादा आत गेला. मैदान ओलांडताना त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही. मुलं त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत होती आणि त्यांच्यात तो खांदाभर उंच दिसत होता.

घंटा झाली. फाटक लागलं. रस्ता एकदम सुनसान झाला.

मायनं आजूबाजूला पाहिलं, निंबाखालची जागा हातानं झाडली आणि पाय पसरून बसली.

"बसा व दोघी," ती म्हणाली. "पालकायनं बाहेर थांबाचं म्हनते. थांबू आपन."